नेमाडेंची टीका पण छापा की

संपादक साहेब, स.न.वि.वि.

भालचंद्र नेमाडे पेपरात कधी येतात, तर कुठल्यातरी भाषणात काहीतरी बोलले आणि त्यावर कोणीतरी भडकलं की. पुस्तकांबद्दल एक ओळ नसते, आणि मला ह्याचं खरंच वाईट वाटतं.

त्यांची कादंबरी कोसला (1963) मी कॉलेजात वाचली. पांडुरंग सांगवीकर मला आमच्या हॉस्टेलमधलाच कोणीतरी वाटला, आणि मनी, त्याची धाकटी बहीण, देवीच्या रोगानं जाते तिथे तर रात्रीची मेस चुकली. लायब्ररीच्या कॉपीत तेवढीच पानं बोटं लागून लागून मऊ पडली होती, माझ्याआधी किती जण तिथे थांबले असतील. पण 'टीकास्वयंवर', म्हणजे त्यांच्या साहित्यावरच्या टीकालेखांचं पुस्तक, हातात यायला पुढे पंधरा वर्षं गेली, कारण ते प्राध्यापकीसाठी नेट-सेट परीक्षा देणाऱ्यांचं पुस्तक असं डोक्यात बसलेलं. आणि साहित्य अकादमी त्यांना 1990 साली मिळालं ते ह्याच टीकेच्या पुस्तकाला!

मराठी कादंबरीवर लिहिताना ते सुरुवातीच्या कादंबऱ्यांतून, यमुनापर्यटन (1857), मुक्तामाला (1861) आणि मोचनगड (1871) अशा तीन वाटा धरतात. मुक्तामालेची अद्भुत करमणुकीची, मोचनगडची इतिहासाची, आणि बाबा पदमनजींच्या यमुनापर्यटनची, विधवांचे हाल उघड्या डोळ्यांनी बघत फिरणारी, त्यांना जवळची वाटते ती हीच. हे वाचलं आणि नेमाडेंच्याच बिढार, जरीला, झूल ह्या कादंबऱ्या परत काढल्या, चांगदेव पाटील ह्या गावच्या कॉलेजातून त्या गावच्या कॉलेजात नोकरी करत फिरतो, जाईल तिथे जात, राजकारण, भाड्याची खोली, तर हा यमुनापर्यटनच्याच वाटेवरचा माणूस की! एवढी वर्षं मला तो नुसता वैतागलेला प्राध्यापक वाटायचा.

नेमाडेंचा देशीवाद, म्हणजे साहित्य आपल्या मातीतून, परंपरेतून यावं हा विचार, म्हणजे बाहेरचं सगळं वाईट असं धरून चालणाऱ्यांनी तर त्यांची हिंदू (2010) ही कादंबरी वाचावीच. त्यातला खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननावर असतो आणि वडील अत्यवस्थ म्हणून खान्देशात मोरगावला परततो, सिंधूकाठ आणि घरची शेती एकाच माणसाच्या डोक्यात.

सगळं पटतं असंही नाही हं. कथेला ते क्षुद्र प्रकार म्हणतात ते मला आजही लागतं, दिवाळी अंकातल्या कथा आई आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवायची, त्यावर मी मोठा झालो. पण भांडायचं तर त्यांच्या पूर्ण लेखाशी भांडू, हेडलाईनशी काय भांडणार.

रविवारच्या पुरवणीत एक पान द्या, अर्ध्यात कादंबरीबद्दल आणि अर्ध्यात त्यांच्या एखाद्या टीकालेखाबद्दल, शेजारी शेजारी. सुरुवात यमुनापर्यटन आणि बिढारपासून केलीत तर फार बरं होईल.

आपला,
एक जुना वाचक, जळगाव