रंग तेवढे तू सांग

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र फोनला बोलून लिहिते आहे. चुका सापडतील, त्या फोनच्या. ब्रेलमध्ये लिहिलं असतं, पण ते तू कधी शिकली नाहीस आणि आता माझंही सुटत चाललंय. कॅन्सरच्या केमोतलं पॅक्लिटॅक्सेल हे औषध चौथ्यांदा दिल्यावर बोटांना मुंग्या आल्या, मग बधिरपणा. सहा टिंबांचं घर हाताला नुसतं खरबरीत लागतं. डॉक्टर म्हणाले, औषधानं नसांवर परिणाम होतो, बऱ्याच जणांना होतो. मी विचारलं, "डोळस पेशंटला औषधानं दिसेनासं झालं असतं, तरी असंच म्हणाला असतात?" थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग त्यांनी डोस कमी केला. बोटं पूर्ववत होतील का, ते सांगता येत नाही म्हणाले. खरं बोलले, म्हणून राग नाही.

तळवेही तसेच झालेत. काठी पायरी सांगते, पण पाय नीट टेकला की नाही हे पायाला कळत नाही. गोळ्यांच्या पाकिटांना मी रबर लावायचे, सकाळचं एक, रात्रीची दोन. आता एक की दोन तेच चाचपडावं लागतं, म्हणून वेगवेगळ्या आकाराच्या डब्या केल्यात. बोलणारा थर्मामीटर मात्र गुणी आहे. १००.४ म्हणाला की रात्र असो की पहाट, हॉस्पिटलला फोन.

केस गेले तेव्हा एक बाई म्हणाली, "बरंय, तुम्हाला आरसा बघावा लागत नाही." काय बोलणार! उशीवर हात फिरवला की सगळं कळतं गं.

आता खरं कारण. मागच्या वेळी नर्सनं तुला विचारलं, "यांना मळमळतं का?" आणि तू म्हणालीस, "थोडं." मी तिथेच होते, दोन हातांवर. आणि थोडं नव्हतं.

त्याच दिवशी सलाइनच्या सुईपाशी चुरचुरत होतं. मी विचारलं, लाल झालंय का? तू म्हणालीस, "काही नाही गं आई." तुझा आवाज चढला होता. तिसरीत दप्तरात प्रगतीपुस्तक लपवलंस, तेव्हाही असाच चढला होता. औषध शिरेबाहेर झिरपत होतं, नर्सला ते दहा मिनिटांनी दिसलं. मी घाबरेन म्हणून तू बोलली नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण चुरचुर मला कळते, लाली कळत नाही. ती लपवलीस तर माझ्याकडे दुसरी वाट नाही. लघवीचा रंग, अंगावरचं पुरळ, तोंडातला पांढरा थर, सगळ्याचं तेच. केवढं, कुठे, कालच्यापेक्षा वाढलंय का, एवढं सांग. घाबरायचं की नाही ते मी बघेन.

गुरुवारी सुई लागली की हाताकडे लक्ष ठेव. मळमळीचं उत्तर मी देईन.

तुझी,
आई