तोंडाला रुमाल बांधलेला हिरो

संपादक महोदय,
जुन्या स्वस्तातल्या वेस्टर्न, म्हणजे काउबॉयच्या हॉलिवूड सिनेमांना लोक हसतात, हसू देत, मला मात्र डुरँगो किड अजूनही आवडतो. कोलंबिया कंपनीचे हे पिक्चर, पहिला १९४० चा आणि मग १९४५ ते १९५२ नुसता रतीब. हिरो चार्ल्स स्टॅरेट. तासाभरात मामला खलास! साधा स्टीव्ह नावाचा माणूस झाडीत जातो काय, काळे कपडे घालून, नाकापर्यंत काळा रुमाल बांधून डुरँगो किड होऊन पांढऱ्या घोड्यावर बाहेर येतो काय, आणि अख्ख्या गावात एकालाही आवाज ओळखता येत नाही, कमाल आहे की नाही! बरं त्या रुमालाचा खरा फायदा प्रोड्युसरला, कारण चेहरा झाकला की छपरावरून उडी मारायला स्टंटमन जॉक महोनी मोकळा, आणि पुढे पुढे तर आधीच्या पिक्चरमधले दौडीचे तुकडेही बिनदिक्कत जोडायचे. आपल्याला कळतं, तरी घोडा उधळला की आपण सरसावून बसतोच ना. मध्येच हिरोचा विनोदी जोडीदार स्माइली बर्नेट याची गाणी येतात, तेवढ्यात मी चहा टाकून घेतो.

– एक वाचक, सातारा