चारात शेवटचा पुढे, सोळात पाचवा मागे: यॉट शर्यतींच्या निवडीचा हिशोब बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रिमोटवर चालणाऱ्या शिडाच्या यॉटच्या स्पर्धेसाठी खान्देशातून चार जणांची निवड झाल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. एवढ्याशा खेळाला आपण जागा दिलीत याचा मनापासून आनंद झाला. निवडलेले चौघंही माझ्या ओळखीचे आहेत, त्यातल्या दोघांच्या यॉटच्या तळाचा शिशाचा गोळा मी स्वतः ओतून दिलेला आहे. पण ज्या हिशोबाने ही निवड झाली तो हिशोब चुकीचा आहे. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत तो बदलावा, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

खेळ बऱ्याच वाचकांनी पाहिलेला नसेल. आम्ही चालवतो ती ‘वन मीटर’ वर्गाची यॉट. लांबी जास्तीत जास्त एक मीटर, वजन कमीत कमी चार किलो. इंजिन नाही, मोटरचा पंखा नाही, जे काही आहे ते वाऱ्यावर. काठावर उभं राहून रिमोटने दोनच गोष्टी करता येतात: सुकाणू वळवायचं आणि शिडं ओढायची किंवा सैल सोडायची. शिडांचे तीन संच ठेवायला परवानगी आहे, वारा वाढत जाईल तसा लहान संच चढवायचा. शिडावर क्रमांक असतो, बोयांना, म्हणजे पाण्यावर तरंगत ठेवलेल्या खुणांना, ठरलेल्या क्रमाने वळसा घालायचा, आणि पहिल्या येणाऱ्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, असे गुण पडतात. ज्याचे गुण सर्वांत कमी, तो जिंकला. एका दिवसात अशा दहा-बारा फेऱ्या होतात.

एका दिवसाच्या स्पर्धेपुरती ही पद्धत चोख आहे, कारण त्या दिवशी पाण्यावर सगळे तेच असतात आणि वाराही सगळ्यांना सारखाच. घोटाळा होतो तो वर्षभराच्या निकालांची बेरीज करताना. वेगवेगळ्या तलावांवर, वेगवेगळ्या संख्येच्या शर्यतींत कोण कितवा आला हे एका ओळीत कसं मांडायचं, हाच निवडीचा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे यंदा काय केलं ते सांगतो. प्रत्येक दिवसाच्या निकालात पहिल्याला १० गुण, दुसऱ्याला ९, असं करत दहाव्याला १. पाण्यावर यॉट चार असोत की सोळा, गुण तेच. वर्षाअखेरीस सगळ्यांची बेरीज केली आणि वरचे चार घेतले. ऐकायला सरळ वाटतं. पण जरा थांबून बघा. जळगावला मेहरूण तलावावर रविवारी सकाळी चारच जण जमले, त्यात शेवटचा आलेला ७ गुण घेऊन घरी जातो. तिन्ही जिल्ह्यांतून सोळा यॉट आल्या, त्यात पाचवा आलेल्याला मिळतात ६. अकरा जणांना हरवणारा खाली आणि कुणालाच न हरवणारा वर.

हे कागदावरचं उदाहरण नाही. अमळनेरकडचा एक मुलगा आहे, अकरावीत शिकतो. त्याची यॉट जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, शिडाला दोन ठिकाणी टेप लावलेला. डोलकाठी काढून आईच्या जुन्या साडीत गुंडाळतो आणि रेल्वेने जळगावला येतो. दर रविवारी येणं त्याला परवडत नाही. वर्षात तो चार मोठ्या स्पर्धांना आला. सोळात तिसरा, चौदात पाचवा, बारात दुसरा, पंधरात चौथा. यंदाच्या नियमाने त्याचे गुण झाले ३०. निवड झालेल्यांपैकी एकाचे गुण आहेत ९८. त्यातले ८८ अकरा रविवारी चार-पाच यॉटच्या शर्यतींत मिळालेले. त्याच चार मोठ्या स्पर्धांत ते गृहस्थ सोळात नववे, चौदात आठवे, बारात सातवे आणि पंधरात दहावे आले. चार वेळा दोघं एका पाण्यावर होते, चारही वेळा मुलगा पुढे. हे सगळं माझ्या वहीत आहे. रेल्वेत फिटर होतो तेव्हापासून वही ठेवायची सवय आहे.

त्या गृहस्थांना मी बोल लावत नाही. उलट यादी लागल्यावर ते स्वतःच माझ्याकडे आले आणि म्हणाले, “नाना, मलाच बरं वाटत नाहीये हे.” दोष हिशोबाचा आहे.

त्या सोळातल्या एका फेरीबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. दुसऱ्या बोयाला जाताना वारा पडला. सगळ्यांची शिडं लटकली, पाणी आरशासारखं. बाकीचे रिमोटच्या काड्या हलवत होते, हा पोरगा मात्र यॉटकडे बघतच नव्हता. डाव्या काठाकडे पाण्यावर हाताएवढी काळी झाक दिसत होती, तिकडे त्याची नजर. वाऱ्याची झुळूक पाण्याला शिवली की तशी झाक येते. त्याने यॉट सगळ्यांपासून लांब, त्या बाजूला हळूहळू सरकवली. झुळूक आली ती आधी त्याच्याच शिडात भरली, आणि आठव्यावरून तो दुसऱ्यावर गेला. यादी लागली त्या दिवशी त्याने मला फोन करून एवढंच विचारलं, “नाना, मना नंबर काबर उना नही?” मला उत्तर देता आलं नाही.

आपल्या गावच्या जत्रेतला फड आठवा. रेवडीवरच्या दहा कुस्त्या मारल्या म्हणून शेवटची मानाची कुस्ती कुणाला देत नाहीत. पंच बघतात की याने पाडलं कुणाला. पाण्यावरही तेच धरायला हवं.

मग करायचं काय? सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे कितव्या क्रमांकावर आला याऐवजी किती जणांना मागे टाकलं ते मोजायचं. सोळात तिसरा आला म्हणजे बाकी पंधरापैकी तेरा मागे, साधारण ८७ टक्के. या रीतीने त्या मुलाची चार स्पर्धांची सरासरी ८१ टक्के येते आणि त्या गृहस्थांची ४३. गुणाकार-भागाकार सातवीच्या पोराला जमेल एवढाच आहे.

यातही एक खोट उरते, ती लपवणार नाही. चारात पहिला आलेल्यालाही १०० टक्केच मिळतात. म्हणून निवडीसाठी धरायच्या शर्यतींत किमान आठ यॉट हव्यात, अशी अट घालावी. छोट्या रविवारच्या शर्यती सरावाच्या राहू द्या, त्यांचा आनंद वेगळा आहे. शिवाय धरलेल्या स्पर्धांपैकी ज्याच्या त्याच्या उत्तम चारच मोजाव्यात. म्हणजे कुणाच्या घरी लग्न निघालं, कापूस वेचणीला माणूस मिळाला नाही, पोराची परीक्षा आली, तर एक-दोन दिवस चुकले म्हणून वर्ष वाया जात नाही. आणि चारपेक्षा कमी स्पर्धांना आलेल्याचा क्रम लावूच नये, नाहीतर एका दिवसाच्या नशिबावर कुणी यादीत शिरेल.

काही जण बुद्धिबळासारखं रेटिंग लावा म्हणतात. अर्पाद एलो यांची ती पद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. तिचं मर्म मला फार आवडतं: वरच्याला हरवलं तर जास्त मिळतं, खालच्याला हरवलं तर थोडंच. दोघांत २०० गुणांचं अंतर असेल तर वरच्याने शंभरातून सुमारे ७६ गुण घ्यावेत, अशी अपेक्षा धरलेली असते. सोळा यॉटची एक फेरी म्हणजे १२० जोड्या, प्रत्येक जोडीत कोण पुढे कोण मागे. हे हाताने करत बसलं तर दिवस जाईल, मोबाईलवरच्या एक्सेलला मात्र क्षणाचं काम आहे. पण रेटिंगचा आकडा स्थिर व्हायला भरपूर सामने लागतात. आपल्याकडे वर्षाला मोठ्या स्पर्धा पाच-सहा. एवढ्यावर रेटिंग डोलत राहील, आणि शेवटी कुणाला वाटेल आकड्यांची जादू केली. जो हिशोब काठावर बसलेल्या पोराला वहीत तपासता येत नाही, तो निवडीला लावू नये असं माझं मत आहे. सध्या टक्केवारीच बरी. दोघांची बरोबरी झाली तर आमनेसामने कोण किती वेळा पुढे होता ते बघावं.

वाऱ्याचंही बोललं पाहिजे. निवडीच्या बहुतेक शर्यती हिवाळ्यातल्या सकाळी, मंद वाऱ्यात झाल्या. मंद वाऱ्यातला राजा जोराच्या वाऱ्यात आडवा होतो, हे आम्ही सगळे जाणतो. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर एवढ्या पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पावसाळ्यात तिकडचा वारा काय असतो ते धुळेकरांना विचारा. धरायच्या स्पर्धांपैकी किमान एक पावसाळी वाऱ्यात, धुळ्याकडे व्हावी. ज्यांच्याकडे शिडांचा लहान संच नाही त्यांना त्या दिवसापुरता तो उसना द्यावा. माझे दोन आहेत, दोन्ही देईन.

आणखी एक अन्याय कुणाच्या लक्षातच येत नाही. कुणीतरी पाण्यात उतरून बोया टाकतो (आमच्या बोया म्हणजे पाण्याचे रिकामे कॅन आणि दोरीला बांधलेला दगड), शिट्टी वाजवतो, निकाल लिहितो. त्या दिवशी त्याची यॉट गाडीतच राहते आणि त्याला मिळतं शून्य. शिडाच्या शर्यतींच्या नियमांत सरासरी गुण, म्हणजे त्याच्या बाकीच्या शर्यतींतल्या गुणांची सरासरी, देण्याची सोय आहे, ती इथे वापरावी. नाहीतर शिट्टी घ्यायला कुणी पुढे येणार नाही.

जागा मोजक्या आणि इच्छुक जास्त, ही अडचण एकट्या खान्देशाची नाही. या वर्गाच्या जागतिक स्पर्धेतही प्रत्येक देशाला ठरावीकच जागा मिळतात, त्यामुळे ज्या देशांत खेळणारे पुष्कळ आहेत तिथे आधी जाहीर केलेल्या शर्यतींवरून मानांकन लावतात. ‘आधी जाहीर केलेल्या’ हे मला फार महत्त्वाचं वाटतं. यंदा १० ते १ गुणांचा नियम आम्हाला कळला तो हंगाम संपल्यावर. तोवर जो तो आपापल्या समजुतीने शर्यती निवडत होता. नियम आधी माहीत असता तर त्या मुलाने उधारी करून का होईना, रविवारी आणखी चार फेऱ्या मारल्या असत्या.

चारपैकी एक जागा निवड समितीने आपल्या विचाराने भरावी, असा एक सूर आहे. माझी त्याला हरकत नाही. आजारपण, यॉट फुटणं, असं काही घडतंच. पण ती जागा कुणाला आणि का दिली, ते दोन ओळींत लिहून सगळ्यांना द्यावं.

यंदाची यादी बदला असं मी म्हणत नाही. जाहीर झाल्यावर नाव काढणं हा दुसरा अन्याय होईल, आणि त्या मुलालाही ते नको आहे, मी त्याला विचारलं आहे. पण पुढच्या हंगामाच्या तारखा ठरवायला समिती बसेल तेव्हा धरायच्या स्पर्धा कोणत्या, किमान यॉट किती, उत्तम निकाल किती मोजायचे आणि बरोबरी कशी सोडवायची, हे चार मुद्दे त्याच बैठकीत लिहून तलावाच्या काठावर लावावेत. बैठकीला बोलावलं तर मी दोन वर्षांच्या सगळ्या फेऱ्यांची वही घेऊन येतो. कुणालाही त्यातला कुठलाही आकडा तपासता येईल.

आपला,
एक निवृत्त रेल्वे फिटर
भुसावळ