आड बुजवू नका

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले, परड्यातला आड बुजवला की गाडी लावायला जागा होईल. तेव्हा काही बोलले नाही, पण डोक्यातून जाईना. म्हणून लिहितेय.

आई, तू सारखी विचारतेस, स्वीडनात बाहेर बर्फ आणि घरात ना शेगडी ना गॅस, मग ऊब येते कुठून? राजापूरच्या उन्हाळ्याच्या झऱ्यासारखं गरम पाणी लागलंय का? नाही गं. घरामागं दीडएकशे मीटर बोअर मारलंय. त्यात एक नळी तळापर्यंत जाऊन परत वर येते, आत पाणी आणि ते गोठू नये म्हणून मिसळलेला अल्कोहोल. वर येतं ते फ्रिजमधल्या पाण्याइतकं गारच. पण बाहेर उणे 15 असताना तेवढीही ऊब पुरते.

बाबा, सायकलीत हवा भरताना पंपाचं बूड तापायचं, ते तुम्ही मला हात लावून दाखवायचात. इथलं यंत्र तेच करतं. आतला वायू जमिनीची ऊब घेतो, कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो तापतो आणि ती उष्णता रेडिएटरच्या पाण्यात उतरते. एक युनिट विजेत तीन-चार युनिटांची उष्णता घरात येते. वीज लागते ती हमालीपुरती, माल जमिनीचा.

मला हे पटकन कळलं ते आपल्या आडामुळं. डिसेंबरात पहाटे रहाटावरून घागर वर आली की पाण्यातून वाफा निघायच्या. आजी बंब पेटायच्या आत त्याच पाण्यानं अंघोळ उरकायची. मे महिन्यात तेच पाणी पायावर घेतलं की शहारा यायचा. जमिनीत आठ-दहा मीटर खाली तापमान वर्षभर जवळजवळ एकच असतं, त्या गावाच्या वर्षाच्या सरासरीएवढं. आपल्याकडं ते 25 अंशांच्या आसपास.

इथल्यासारखं यंत्र बसवा असं मी म्हणत नाही. काळ्या पाषाणात बोअर मारायचं, तेही नुसत्या गारव्यासाठी, हे परवडणारं नाही. शिवाय गारव्यासाठी यंत्र उलटं चालवून वर्षानुवर्षं घरातली उष्णता खाली सोडत राहिलं की भोवतालचा खडकच तापतो. इथं थंडीत काढलेली ऊब उन्हाळ्यात भरून निघते, तसं कोल्हापुरात व्हायचं नाही.

पण आड तर पणजोबांनी खणून ठेवलाय. बाबा, उन्हाळ्यात मागच्या खोलीत दुपारी तुमचा डोळा लागत नाही. उद्यमनगरातून गाडीचा जुना रेडिएटर दुरुस्त करून आणा, छोट्या पंपानं आडाचं पाणी त्यातून फिरवून परत आडात सोडा आणि मागं पंखा लावा. कूलरसारखा दमटपणाही नाही.

गाडी बोळात राहू दे. मुरूम मागवला असेल तर नको म्हणून सांगा. येणाऱ्याबरोबर थर्मामीटर पाठवतेय. पोहरा तळाजवळ थोडा वेळ ठेवून मग वर काढा आणि पाण्याचं तापमान कळवा. मेमध्ये मी येतेच आहे, पंप आपण मिळून बसवू.

तुमची,
सुमा