सशांच्या नावाने मांजरांचे सुगंधी लिटर : तक्रार आणि परताव्याची मागणी

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय : 'सशांसाठी सुरक्षित' म्हणून विकलेल्या लिटरबाबत (पाळीव प्राण्यांच्या शौचाच्या ट्रेमध्ये घालायचे, ओल शोषणारे दाणे)

महोदय,
स. न. वि. वि.

मी इंदूरच्या रामबागेत राहतो. मुलाची बदली झाल्यापासून त्याचे दोन ससे आमच्याकडे आहेत. पांढरा तो पोहा, ठिपक्यांचा तो जिरावन. (जिरावन म्हणजे पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला. नावे नातीने ठेवली, इंदुरात दुसरी काय सुचणार?) दोघे घरातच असतात, ट्रेमध्येच जातात, आणि दोघांचेही नसबंदीचे ऑपरेशन झालेले आहे. हे आधीच सांगतो, कारण तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलीने फोनवर पहिला प्रश्न हाच विचारला. 'हो' म्हटल्यावर तिच्याकडे दुसरा प्रश्न नव्हता. "मग लिटर दुप्पट घाला" एवढे सांगून तिने फोन ठेवला.

एरवी मी भट्टीत वाळवलेल्या लाकडी भुशाच्या गोळ्या वापरतो. पावसाळ्यात खिडक्या बंद, त्यात दुकानातल्या गोळ्या संपलेल्या, म्हणून तुमच्या ५ किलोच्या दोन थैल्या मागवल्या. किंमत १,४९८ रुपये. थैलीवर ठळक अक्षरांत 'कागदापासून बनवलेले' आणि 'दहा दिवस दुर्गंधीपासून मुक्ती'. थैली फोडली तर लॅव्हेंडरचा असा भपकारा आला, की सौ.ने स्वयंपाकघरातून विचारले, कोण आलंय? आत राखाडी, वाळूसारखे दाणे. तेव्हाच थांबायला हवे होते. थांबलो नाही, ती चूक माझी.

तिसऱ्या दिवशी जिरावन शिंकू लागला. चौथ्या दिवशी पोह्याने गवताला तोंड लावले नाही, लेंड्याही बंद. सशाने दहा-बारा तास खाल्ले नाही तर उद्या बघू म्हणून चालत नाही. त्याचे आतडे सतत चालू राहावे लागते. रात्रीच रिक्षा करून डॉक्टरांकडे नेला. आता बरा आहे. हे तुमच्या लिटरमुळेच झाले असे डॉक्टरांनी लिहून दिलेले नाही आणि मीही तसा दावा करत नाही. पण घरी येऊन मी एक प्रयोग केला. जुन्या गोळ्या पेल्यातल्या पाण्यात टाकल्या, त्या फुगून सुट्या झाल्या. तुमचे दाणे दुसऱ्या पेल्यात टाकले, त्यांचा लगदा चमच्याला असा चिकटला की शेवटी चमचा घासणीने खरवडावा लागला. हा कागद नव्हे. मांजरांसाठी विकतात ती गोळा होणारी माती आहे ही, बेंटोनाइट.

मांजर ट्रेमध्ये जाते, उरकते, बाहेर येते. ससा तिथे ठाण मांडतो. तिथेच बसून गवत चघळतो, मधूनच चार दाणेही चाखून बघतो, आणि पोटात गेलेले त्याला ओकून काढता येत नाही. श्वासही तो मुख्यतः नाकानेच घेतो, त्यामुळे बारीक धूळ आणि अत्तर दोन्ही त्याला सोसत नाहीत. सशांचा माल विकणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवे.

आता दुर्गंधीचे. सशाची ताजी लघवी फारशी उग्र नसते. ओल ट्रेमध्ये मुरत राहिली की अमोनिया सुटतो आणि डोळे चुरचुरायला लागतात. ओला भाग रोज काढणे आणि तळाशी जमणारे पांढरे पुट व्हिनेगर ओतून घासणे, आमच्या घरी एवढ्यावर भागते. (ते पुट कॅल्शियमचे. सशांच्या शरीरातले जास्तीचे कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडते.) लॅव्हेंडरने अमोनिया जात नाही, फक्त आपल्याला कळेनासा होतो. ट्रे बदलायची वेळ झाली हे सांगणारा वासच तुम्ही झाकून टाकता आणि वर दहा दिवसांची हमी देता!

थैलीवर 'ओल्या कचऱ्यात टाकावे' असेही छापले आहे. इंदुरात कचरा सहा प्रकारांत वेगळा करून द्यावा लागतो, इथे थापा चालत नाहीत. गाडीवरच्या पोराने ते दाणे बोटांत चुरडले आणि म्हणाला, "अंकल, ये तो मिट्टी है।" तुमच्या गुणवत्ता विभागाला जे उमगले नाही, ते त्याला दोन सेकंदांत उमगले.

माझ्या मागण्या : दोन्ही थैल्यांचे पैसे परत करावेत. थैलीत चुकीचा माल भरला गेला की छपाईच खोटी आहे, हे लेखी कळवावे. आणि तोवर या मालाची विक्री थांबवावी. डॉक्टरांचे १,२०० रुपये मी मागत नाही, पावती मात्र जोडली आहे. १५ दिवसांत उत्तर आले नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. पुढे जिल्हा ग्राहक आयोगही आहेच. २०१९च्या कायद्याने मला तो इंदुरातच गाठता येतो, तुमच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

न फोडलेली दुसरी थैली जिन्यात ठेवली आहे. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा त्याला मजला विचारावा लागणार नाही, वासावरून सापडेल.

आपला,
एक ग्राहक
रामबाग, इंदूर

सोबत : बिल, थैलीचे व दोन्ही पेल्यांचे फोटो, डॉक्टरांची पावती