साठ दिवस

कोजागिरी पौर्णिमा, ६ ऑक्टोबर २०२५

चि. मनीषास,
अण्णांचे अनेक आशीर्वाद.

काल रविवारी तू बोलता बोलता फोन ठेवून दिलास. मीही मग लावला नाही. तुझी आई तेव्हापासून माझ्याशी तुटक बोलते. फोनवर मला नीट मांडता येत नाही, आवाज चढतो, म्हणून हे लिहायला बसलो. बाळू फोटो काढून पाठवेल. हात थोडा थरथरतो आता, अक्षर सावकाश लाव.

पैशाचं आधी लिहितो म्हणजे ते संपेल. पुराची बातमी बघून तू दोन लाख पाठवलेस. मी ते खर्चले नाहीत, तुझ्यासाठी वेगळे काढून ठेवले. हे सांगितलं आणि तू चिडलीस. ‘तुमच्या रानासाठी पाठवले होते, माझेच मला परत देता का?’ तुझं बोलणं रास्त आहे. रान गेलंच आहे. सव्वाचार एकरांतलं सोयाबीन आठ दिवस पाण्यात उभं होतं. पाणी ओसरलं तेव्हा शेंगांतून कोंब बाहेर आले होते. तेरणा एवढी पसरलेली मी जन्मात पाहिली नव्हती. पंचनामा झालाय, काय पदरात पडेल ते पडेल. पण रानाला पुढचा मृग असतो. तिथं अमेरिकेत तुझी नोकरी गेली तर दुसरी मिळवायला, नाहीतर देश सोडायला, तुला साठ दिवस असतात, मनू. फक्त साठ.

हे लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

३० सप्टेंबरला दरवर्षीप्रमाणे किल्लारीला जाऊन आलो. संध्याकाळी बाळूनं मोबाईल पुढे केला. ग्रासली आणि डर्बिन या दोन सिनेटरांनी आदल्या दिवशी एच-वन-बी आणि एल-वन या नोकरीच्या व्हिसांचं विधेयक पुन्हा मांडलं होतं. त्याच्या दहा दिवस आधी ती एच-वन-बीवर एक लाख डॉलर फीची घोषणा झाली होती. ‘ती नव्या अर्जांना आहे अण्णा, माझं एक्स्टेन्शन झालंय’ असं तू समजावलंस, तेव्हा कुठे माझ्या घशाखाली घास उतरला होता. त्यावर हे. आणि नाव वाचलं तर ग्रासली. आयोवाचा. तू राहतेस त्या, आपल्याच आयोवाचा.

तू म्हणतेस, ‘विधेयक म्हणजे कायदा नव्हे. २००७ पासून दोघं मांडतायत, काही झालं नाही.’ तेही मी वाचलं. बाळूकडून छापून घेतलं आणि तुझ्या जुन्या डिक्शनरीत शब्द बघत दोन रात्री बसलो. जागेची जाहिरात आधी तिथल्या लोकांसाठी द्यायची. पगार कमी दाखवून बाहेरचा माणूस घ्यायचा नाही. व्हिसा देताना तिथंच वरची पदवी घेतलेल्यांना आधी धरायचं. हे शेवटचं कलम वाचलं आणि तुझ्या आईला हाक मारली. म्हटलं, ही बघ, यात आपली मनू बसते. आयोवातल्या एम्स गावच्या विद्यापीठाची पदवी आहे तिच्याकडे. खरंच अभिमान वाटला गं. ज्या मुलीला तालुक्याच्या कॉलेजात घालताना चारचौघांनी मला शहाणपण शिकवलं होतं, तिची पदवी त्यांच्या सिनेटच्या कागदाला मान्य आहे.

पण त्याच विधेयकात पहिल्यापासून आणखी एक कलम आहे. पन्नासापेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीत निम्मी जर अशा व्हिसांवरची असतील, तर तिला आणखी व्हिसावाले घेता येणार नाहीत. तिथं मी पेन्सिलीनं रेघ ओढली. म्हणून काल तीनदा विचारलं, तुमच्या कंपनीत व्हिसावाले किती आहेत. तुला वाटलं मी उलटतपासणी घेतोय. मला फक्त आकडा हवा होता. आकडा कळला की माणूस काहीतरी जुळवाजुळव करतो, अंधारात चाचपडत नाही. नुसतं विधेयक म्हणून सोडून द्यावं, तर २००९ मध्ये त्याच ग्रासलीनं सँडर्स या सिनेटरबरोबर आणलेली व्हिसावाले घेण्यावरची एक अट कायद्यात गेली होती, सरकारी मदत घेतलेल्या बँकांसाठी. दोन वर्षांनी ती संपली, पण गेली तर होती. म्हणजे कधी कधी होतं.

आता जे सांगतो ते काल सांगायचं राहिलं. मला त्या माणसाचा राग येत नाही. मी प्रयत्न करून बघितला.

तो १७ सप्टेंबरचा, १९३३ चा. आपण मुक्तिसंग्रामाचा झेंडा लावतो त्या दिवसाचा जन्म. शेतकरी. कारखान्यात पत्रे कापायचं कामही केलंय त्यानं. १९८१ पासून सिनेटमध्ये आहे आणि दरवर्षी राज्यातल्या ९९ च्या ९९ काउंट्यांत, म्हणजे जिल्ह्यांत, जाऊन लोकांसमोर उभा राहतो. ब्याण्णव वर्षांचा माणूस. आयोवाची वस्ती ती किती, बत्तीस लाख. आपल्या लातूर जिल्ह्याचीच २०११ ला साडेचोवीस लाख होती. तरी त्या राज्याला दोन सिनेटर आहेत, कॅलिफोर्नियाला आहेत तेवढेच. त्यांच्या मक्याचं आणि सोयाबीनचं गाऱ्हाणं वॉशिंग्टनला थेट पोचतं. यंदा चीननं त्यांचं सोयाबीन घेणं थांबवलं तर हाच म्हातारा बोलला. आमचा हमीभाव ५,३२८ आहे आणि मोंढ्यात त्याच्या खूप खाली पुकारा होतो, तेव्हा आमच्यासाठी असं कोण बोलेल याची मी वाट बघतो.

आणि मी मोंढ्यात काय बोलतो ते तुला माहीत आहे. बाहेरचं तेल आलं की आमच्या मालाची माती होते, आधी इथला माल घ्या. हेच ना? तो तिथल्या पोरांसाठी तेच बोलतोय. आपल्या जागेवर येणाऱ्याला काम शिकवून मग घरी बसलेली माणसं त्यानं पाहिली असतील. त्यांतल्या एखाद्याला बाप असेल, तोही असाच रात्री कागद घेऊन बसला असेल. मी त्याला कोणत्या तोंडानं चूक म्हणू? पण त्या कागदावर ज्या माणसांची मोजदाद चाललीय त्यात एक माझी आहे. तिथं माझा न्याय संपतो, माय.

तू मला २०२४ च्या जुलैत तिकडे नेलंस, तो महिना अजून डोळ्यांसमोर आहे. एम्सच्या बाहेर पडलो की दोन्ही बाजूंना मका, मग सोयाबीन, मग पुन्हा मका, बांध म्हणून दिसायचा नाही. तू गाडी थांबवलीस आणि मी उतरून मूठभर माती चोळली. आपल्यासारखीच काळी, पण भुसभुशीत, चिकटत नाही, भेगा नाहीत. शनिवारच्या बाजारात मक्याची कणसं विकणाऱ्या त्या माणसाशी तू माझं बोलणं करून दिलंस. त्याचं आणि त्याच्या मुलाचं मिळून नऊशे एकर. मी सव्वाचार म्हटल्यावर तो हसला नाही. कोणती जात पेरता, किती दिवसांत येते, हेच विचारलं. रानाखालून नळ्या टाकलेल्या असतात, जादा पाणी त्यातून ओढ्याला जातं, हे त्यानं हातानं करून दाखवलं. गेल्या पंधरवड्यात पाण्यात उभा राहून मला तोच माणूस आठवत होता. आपल्या रानाखाली तशा नळ्या असत्या तर अर्धं तरी वाचलं असतं.

आणि डे मॉइनची ती नदीकाठची जुनी लायब्ररी, जागतिक अन्न पुरस्काराची. हरितक्रांतीवाला बोरलॉग आयोवाचा हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी प्रशिक्षणात पाठ केलं होतं. तिथं जालन्याच्या बारवाले साहेबांना १९९८ चा पुरस्कार मिळाल्याचं तुला सांगता सांगता माझा गळा दाटून आला. त्यांच्या बियाण्याच्या पिशव्या मी सायकलवर वाहिल्यात. तू मला पाणी आणून दिलंस आणि काही विचारलं नाहीस. तू अशीच आहेस, विचारत नाहीस आणि सांगतही नाहीस.

तीच तर भीती आहे. तुझ्या खोलीवरची ती तेलुगू मुलगी. नोकरी गेली, अठ्ठावन्नाव्या दिवशी ती परत निघाली, तू तिला विमानतळावर सोडून आलीस, आणि त्या रात्री मला फोनवर एवढंच म्हणालीस, ‘जेवलात का अण्णा?’ मला हे सगळं वर्षानं कळलं, तुझ्या आईकडून. तेव्हापासून तू ‘जेवलात का’ विचारलंस की माझ्या पोटात गोळा येतो. तुझे साठ दिवस सुरू झाले तर मला कोणत्या दिवशी कळेल? पहिल्या? की अठ्ठावन्नाव्या?

साठ दिवस किती असतात ते मी पिकावर मोजतो. पेरल्यापासून साठ दिवसांत सोयाबीनचा दाणा पुरता भरत नाही. एवढ्यात माणसानं दुसरी नोकरी बघायची, मुलाखती द्यायच्या, नव्या कंपनीनं कागद करायचे, नाही जमलं तर घर, गाडी, सामान सगळं आवरायचं.

म्हणून ऐक. सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवाच. गाडीचा हप्ता असेल तर आधी फेड. पासपोर्ट, व्हिसा मंजुरीचा आय-सातशे सत्त्याण्णव, पगाराच्या स्लिपा, पदवीची कागदं एका फाईलमध्ये ठेव आणि एक प्रत बाळूला पाठव. वकील कंपनीचा असतो, तुझा नसतो, तेव्हा स्वतःचा एक विचारून ठेव. मित्रमंडळात नाव ठेव, नोकऱ्या ओळखीनं लागतात. रात्री अकराच्या पुढे जागू नकोस. संज्याला उसने देऊ नकोस, तो परत देत नाही, मी कितीदा सांगितलंय, पण तुझं मन…

चुकलं. तीस वर्षांची तू, तिथले कर भरतेस, बर्फात गाडी चालवतेस, आणि मी तुला फाईल कशी लावायची ते सांगतोय. माफ कर. कृषी सहायकाची सवय, बांधावर उभं राहिलं की फवारणीचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तू पत्र्याच्या शेडात जन्मलीस हे तुला सांगून सांगून विटवलंय मी. तरी एकदा लिहू दे. भूकंप झाला तेव्हा विसर्जनाची रात्र होती, पहाटेचे चार वाजायला आले होते. आमचं घर पाऊण मिनिटात गेलं. तुझी आजी आत होती. त्यानंतर दोन वर्षांनी त्याच शेडात तू आलीस, पाऊस पत्र्यावर एवढा वाजत होता की तुझं रडणं ऐकू आलं नाही, तुझं तोंड उघडलेलं तेवढं दिसलं. तेव्हा मनाशी म्हटलं होतं, हिच्या पायाखालची जमीन हलू द्यायची नाही. बारावीपर्यंत जमलं. लातूरपर्यंत जमलं. आता तुझ्या पायाखाली जी जमीन आहे ती माझ्या हातात नाही, ती सिनेटच्या कोणा कमिटीच्या हातात आहे, आणि त्या कमिटीचा अध्यक्ष तो ग्रासलीच आहे. मी इथून काय धरू?

एक विचार आला होता. तो दरवर्षी तुमच्या काउंटीत येतो, लोक उभं राहून प्रश्न विचारतात. तू जावंस. सांगावंस की माझे वडीलही सोयाबीन पिकवतात, मी तुमच्याच विद्यापीठात शिकले, तुमच्या राज्यात कर भरते, बाहेरच्यांत मला मोजताना एवढं बघा. तुझं इंग्रजी चांगलं आहे, तू शांतपणे बोलतेस, त्याला पटेल. रात्रभर हेच डोक्यात घोळवत होतो, तू उभी राहिलेली दिसत होतीस.

सकाळी उठलो आणि वाटलं, नको. जाऊ नकोस. उगाच नजरेत येशील. घरी बस.

आता पुन्हा वाटतंय की जावंस. तुझं तू ठरव.

आईनं दूध चंद्राखाली ठेवलंय, वाटीत तुझाही वाटा काढलाय. आभाळ आज मोकळं आहे, इतक्या पावसानंतर पहिल्यांदा. खालच्या रानात अजून पाय रुततो, वरच्या पट्टीला आठवड्यात वापसा येईल असं वाटतं. हरभरा टाकावा लागेल. त्याच्या बियाण्यापुरते पंधरा हजार तुझ्या दोन लाखांतून घेतो. तुझ्या रागाचा मान म्हणून घेतो. बाकीचे तसेच राहतील, त्यावर भांडू नकोस.

रविवारी फोन कर. आकडा सांगायचा नसेल तर सांगू नकोस, मी विचारणार नाही. पण तो पहिला दिवस कधी आला, तर त्याच रात्री मला उठव. आमच्याकडे कितीही वाजलेले असोत.

तुझे अण्णा

ता. क. आई म्हणते, दिवाळीचा डबा पाठवायचा की नाही ते कळव. चकल्या मोडतात म्हणून या खेपेला शंकरपाळे जास्त करते म्हणाली. कंपनीत किती जण आहेत ते तिलाही विचारायचं होतं, मी नको म्हटलं.