कॅप्टन काय करतो, हे सांगितल्याबद्दल

ती. काका,
सा. न. वि. वि.

आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलता, म्हणून हे उघड पत्र. शिवाय क्रिकेटवर वाढलेले आणि आता इथं न्यू जर्सीत शनिवारी सकाळी मैदानाच्या कडेला घडीची खुर्ची टाकून बसणारे मराठी आईबाप पुष्कळ आहेत. त्यांच्याही हे वाचनात यावं, असं मनापासून वाटतं.

मार्चमध्ये लेक सॉफ्टबॉलच्या, म्हणजे बेसबॉलच्याच भावकीतल्या खेळाच्या, सरावावरून रडत घरी आली. कोचनं संघात कॅप्टन नेमायचाच नाही, असं ठरवलं होतं. माझाही पारा चढला. कर्णधाराशिवाय कसला संघ? त्यात त्याच आठवड्यात शाळेनं खेळातल्या नेतृत्वावर प्रकल्प दिला, आणि मी तिला शेजारी बसवून लिहायला लावलं: कॅप्टन नाणेफेक करतो, क्षेत्ररक्षण लावतो, गोलंदाज बदलतो. तो कागद तुम्ही शांतपणे वाचलात, चष्मा काढून टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "बेसबॉलमध्ये नाणेफेक नसते गं बाळा." यजमान संघाची फलंदाजी नेहमी नंतर. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, बदलतो मॅनेजर, म्हणजे संघाचा मुख्य प्रशिक्षक; फलंदाजीचा क्रम लावतो तोही मॅनेजरच. आणि मेजर लीग बेसबॉल या मोठ्या लीगच्या तीस संघांपैकी अधिकृत कॅप्टन असलेले संघ हाताच्या बोटांवर मोजावे लागतात. हे ऐकून लेकीचा हुंदका थांबला. "मग कॅप्टन करतो काय?" तिनं विचारलं. त्या प्रश्नासाठी तुम्ही आम्हाला तुमचे चार शनिवार दिलेत.

पहिल्या शनिवारी तुम्ही आम्हाला थेट एकोणिसाव्या शतकात नेलंत. तेव्हाचा कॅप्टन खराखुरा कर्णधार होता, सुकाणू त्याच्याच हातात. कोण कुठे उभा राहील, कोण कधी बॅट धरेल हे तो ठरवायचा, अंपायरशी वाद घालायचा हक्कही त्याचाच. तेव्हाचा मॅनेजर म्हणजे तिकीटविक्री, आगगाडीचा प्रवास आणि मुक्कामाची सोय पाहणारा माणूस. १८६९ मध्ये सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा पहिला उघडपणे व्यावसायिक संघ उतरला, त्याचा कॅप्टन हॅरी राइट. शिकागोच्या ॲन्सनला तर लोक 'कॅप' म्हणूनच ओळखायचे, पदच त्याचं नाव झालं. पुढे मैदानावरचे निर्णय हळूहळू मॅनेजरकडे गेले. फिलाडेल्फियाचा कॉनी मॅक सूट घालून डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकावर, बसायचा आणि तिथूनच पन्नास वर्षं, १९०१ ते १९५०, त्यानं संघ चालवला. कॅप्टनकडे अधिकार फारसा उरला नाही. उरलं ते नाव.

आणि ते नावही कसं सहज काढून घेता येतं, हे बेब रूथच्या गोष्टीतून कळलं. मे १९२२ मध्ये न्यू यॉर्कच्या यँकीज संघानं या नामांकित फलंदाजाला कॅप्टन केलं. आठवडाही झाला नाही तोच त्यानं अंपायरच्या अंगावर माती उडवली, डिवचणाऱ्या प्रेक्षकाच्या मागे स्टँडमध्ये चढला, आणि कॅप्टनपद गेलं. विली मेजबद्दल मात्र तुम्ही आवाज खाली आणून बोललात. मोठ्या लीगमधली वर्णभेदाची भिंत मोडून जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू १९४७ मध्ये मैदानात उतरला. त्यानंतर मोठ्या लीगमधला पहिला कृष्णवर्णीय कॅप्टन म्हणून मेजचं नाव यायला १९६४ उजाडावं लागलं. सतरा वर्षं! हे वाक्य लेकीनं प्रकल्पात लाल शाईनं लिहिलंय.

पण काका, मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते यँकीजच्या लू गेरिगच्या गोष्टीसाठी. २ मे १९३९, डेट्रॉइट. सलग २,१३० सामने खेळलेला माणूस. शरीर साथ देईना, आणि का देईना हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. सामन्याआधी तो मॅनेजर जो मॅकार्थीकडे गेला आणि आज मला बसवा म्हणाला. तो कॅप्टन होता, म्हणून खेळाडूंच्या नावांचं लाइनअप कार्ड होम प्लेटपाशी, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथं, अंपायरच्या हातात द्यायला तोच गेला. त्या कार्डावर त्याचं स्वतःचं नाव नव्हतं. हे सांगताना तुम्ही उठलात, हातात वाण्याची यादी घेतलीत आणि दिवाणखान्यातून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत सावकाश चालत गेलात. लेक बघत राहिली. "कॅप्टन काय करतो" याचं उत्तर तिला त्या दहा पावलांत मिळालं, असं मला वाटतं.

दोन वर्षांत गेरिग गेला. यापुढे यँकीजना कॅप्टन नाही, असं मॅकार्थीनं ठरवलं आणि ते बरीच वर्षं पाळलं गेलं. १९७६ मध्ये संघाचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर यांनी तो रिवाज मोडला आणि कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा फलंदाजामागे बसणारा, थर्मन मन्सन याला कॅप्टन केलं. तुम्ही तेव्हा ब्राँक्समध्ये एका खोलीत चौघं राहायचात आणि स्वस्तातलं तिकीट काढून वरच्या मजल्यावर बसायचात. बायकामुलांकडे, ओहायोतल्या कँटनला, लवकर पोचता यावं म्हणून मन्सन विमान चालवायला शिकला होता. २ ऑगस्ट १९७९ रोजी तिथंच विमान उतरवण्याचा सराव करताना तो गेला.

दुसऱ्या दिवशीच्या सामन्याची तुमची स्कोअरची वही तुम्ही आम्हाला दाखवलीत. कोपरे मऊ पडलेले, पेन्सिलीच्या खुणा फिकटलेल्या. आठ खेळाडू आपापल्या जागी जाऊन उभे राहिले, होम प्लेटमागची जागा मोकळीच ठेवली, आणि सगळं स्टेडियम टाळ्या वाजवत राहिलं. तुमच्या वहीत कॅचरच्या जागेचा आकडा २ आणि त्यापुढचं नाव इतर नावांपेक्षा अगदी पुसट आहे. नंतर, मनाविरुद्ध लिहिल्यासारखं. त्या ओळीवर तुमचं बोट बराच वेळ होतं.

जूनमध्ये तुम्ही आम्हाला यँकी स्टेडियमच्या संग्रहालयात नेलंत. जुन्या स्टेडियममध्ये मन्सनचा लॉकर कुणालाच न देता तसाच ठेवला होता, तो आता तिथं आहे. लेक आधी बडबडत होती, त्याच्यासमोर गप्प झाली. मग हळूच विचारलं, "आजोबा, हे तुमच्या वहीतलेच ना?"

मला स्वतःला आणखी एक गोष्ट फार आवडली. २००३ मध्ये डेरेक जीटर कॅप्टन झाला तेव्हा तो अकरावा म्हणून मोजला गेला. त्याच्या लगेच नंतरचा ॲरन जज, डिसेंबर २०२२ मध्ये, सोळावा. मधल्या काळात संशोधकांनी सुरुवातीच्या वर्षांतले विसरलेले चार कॅप्टन शोधून काढले होते. विसरलेल्या माणसांना कुणीतरी परत यादीत बसवतं, याचं मला खरोखर भरून आलं.

बॉस्टनचा कॅप्टन जेसन व्हॅरिटेक याच्या शर्टावरचं कॅप्टनचं 'सी' अक्षर, कॅन्सस सिटीचा कॅप्टन सॅल्व्हाडोर पेरेझ, हे सगळं प्रकल्पात काही मावलं नाही. मन्सन, व्हॅरिटेक आणि पेरेझ हे तिघेही कॅचर, हे मात्र लेकीनं स्वतः हेरलं. आता तिला कॅचरच व्हायचंय, आणि कॅप्टन नसल्याची तक्रार पुन्हा ऐकू आलेली नाही.

तुमची वही आमच्याकडेच आहे. जुन्या मलमलीत गुंडाळून कपाटात वरच्या खणात ठेवली आहे. रविवारी घेऊन येतो. काकूंना सांगा, स्वयंपाक करू नका, पुरणपोळ्या मी आणतेय. वही मात्र लेक मला हातात धरू देणार नाही म्हणते, तुमच्या दारापर्यंत तीच घेऊन येणार आहे.

तुमची,
शेजारच्या गल्लीतली लेक